काका गप्प होते

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेकॉर्डिंगमध्ये लिफ्टवाले काका गप्प झाले आणि कागदावर मात्र बोलत राहिले, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. कॉलेज सोडल्याचं आईकडून कळलं असेलच. खरं कारण तिला सांगितलेलं नाही.

यंत्रं आल्यावर बंद पडलेल्या कामधंद्यांवर आम्हा दोघांचा अभ्यास चालला होता. दोघं म्हणजे मी आणि तू जिच्यावरून चिडवतेस ती. लिफ्ट आपोआप चालू लागली तेव्हा काय वाटलं, असं मी काकांना विचारलं होतं. ते बोललेच नाहीत. नुसता पंख्याचा आवाज. तिने ते रेकॉर्डिंग एआयकडून कागदावर उतरवून घेतलं आणि त्याने काकांच्या तोंडी घातलं, ‘फार एकटं वाटलं.’ तिने न ऐकता तेच आमच्या लेखाचं शीर्षक केलं. भर वर्गात मी ओरडलो, की तुझ्यापेक्षा त्या यंत्रालाच जास्त काळीज आहे. आणि निघून आलो.

आईला सांभाळ. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
तोफखाना

१४ जानेवारी

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आई दोन घास खाऊन उठते. बाबा तुझा विषय निघाला की पेपरात तोंड घालतात.

मुद्दा तुझा बरोबर, पण ही बोलायची रीत झाली? राग नाकावर घेऊनच जन्मलास मेल्या! आमच्या वॉर्डातही नोंदी आता यंत्र लिहून देतं. मी ते वापरते, पण सही करण्याआधी खाटेपाशी जाऊन पुन्हा विचारते. परवा त्याने एका आजींना नसलेला ताप चढवला होता. यंत्र वापरलं म्हणून तुझी ती वाईट ठरत नाही. तपासलं नाही, तिथे चुकली. हे तिला एकटीला गाठून सांगता आलं नसतं?

जा, माफी माग. जीव लावलायस ना, मग मानही खाली घालता येईल.

तुझी, कान पिळायचा हक्क राखून असलेली,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. कॉलेजच्या वाचनालयामागच्या खोलीत ती आणि आमचा अभ्यास बघणारे सर बसले होते. सगळी रेकॉर्डिंगं तिने पहिल्यापासून ऐकली आहेत. एआय कुठे वापरलं, त्याने काय चुकवलं, हे लेखाच्या सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय. शीर्षक बदललं. काकांच्या उत्तराच्या जागी एवढंच आहे: ‘बराच वेळ गप्प.’ त्यांना घरी जाऊन वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, आता बरोबर आहे.

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुझं खरं होतं, म्हणून सगळं दुरुस्त केलं. पण तू ते बोललास तेव्हा वर्ग हसला होता. तुझ्या शेजारी बसून आता माझ्याकडून काम व्हायचं नाही.

सर म्हणाले, तुझं नाव अजून काढलेलं नाही, ये परत. तिने समोरचे कागद गोळा करायला घेतले. मी राहिलो असतो तर ती उठून गेली असती, ताई. काम तर तिनेच सावरलंय. म्हटलं, सर, नाव काढा.

आईला सांग, पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रवेश घेईन. तुझा जीव असाच माझ्यावर राहू दे, सध्या तेवढ्यावरच चाललंय. निघताना वाटलं, ती हाक मारेल. उंबऱ्यात जरा रेंगाळलोही. मग बाहेर पडलो आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

तुझा,
तोफखाना