हाड खाणाऱ्या पेशींना खुराक मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
अस्थिविकार संशोधन संस्था.

विषय : मागवलेले वाढघटक भांडार विभागाने परस्पर बदलल्याबाबत.

संदर्भ : माझ्या मागणीपत्रावरील भांडार अधिकाऱ्यांचा शेरा, "संस्थेच्या उद्दिष्टाशी विसंगत", व त्याखालील आपले "सहमत".

महोदय,

१. मी पेशी संवर्धन कक्षात संशोधन साहाय्यक आहे. अर्ज रीतसर भाषेत लिहीत आहे. जमेल तिथपर्यंत जमेल.

२. हाडात काही पेशी हाड बांधतात आणि काही जुने हाड खाऊन जागा मोकळी करतात. या खाणाऱ्या पेशी मज्जेतल्या कोवळ्या पेशींपासून तयार होतात. एक वाढघटक त्यांना जगवतो, दुसरा त्यांना हाड खाण्याजोगे बनवतो. दोन्ही मिळाले नाहीत तर त्या काही दिवसांत मरतात. हे मी भांडारात घसा कोरडा होईपर्यंत सांगितले आहे.

३. माझ्या भाचीच्या हाडांत हे खाणे होतच नाही. प्रश्न विचारायची थांबत नाही म्हणून घरात तिला भुंगा म्हणतात. तिचे हाड नुसते साठत चालले आहे. कवटीतून डोळ्यांच्या नसा जातात ती वाट आवळत आली आहे. दोष तिच्या पेशींत असेल, तर मज्जा बदलावी लागेल. पेशी धड असून वाढघटकच कमी पडत असेल, तर मज्जा बदलून उपयोग नाही, उलट जिवाला धोका. म्हणून तिच्या पेशींना बाहेरून वाढघटक देऊन त्या हाडाची चकती खातात का, हे पाहायचे होते. डॉक्टर याच उत्तरासाठी थांबले आहेत. नात्याची माहिती मी आधीच दिली होती आणि चाचणीला आपली परवानगी होती.

४. माल आल्याचा निरोप भांडारातून मिळाला, तेव्हाच तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. खोके उघडले तर मागवलेल्या दोन्हींऐवजी तिसराच वाढघटक, हाड बांधणाऱ्या पेशींचा. जाब विचारला तर भांडार अधिकारी म्हणाले, "अहो मॅडम, आपली संस्था हाडं मजबूत करायला आहे. मोडणाऱ्यांना खुराक कशाला? त्यापेक्षा चांगला दिलाय." वर चहा घेता का विचारले. बदलून मागितला तर नवी मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे रजेवर. तोवर ताटलीतल्या पेशी मेल्या.

५. मला याचा संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही. मोडणे उद्दिष्टात बसत नसेल, तर संस्थेतला कचरा उचलणेही बंद करावे. आठवड्याभराने भांडार अधिकाऱ्यांना स्वतःच्या खोलीचे दार उघडता येते का, ते पाहावे. माझ्या भाचीच्या डोक्यात नेमके हेच चालले आहे आणि आपण त्यावर "सहमत" लिहिले आहे.

६. दोन्ही वाढघटक आजच मागवावेत. मंजुरी आपणच द्यावी, आपण रजेवर नाही.

७. मज्जा आता पुन्हा काढावी लागेल. मागच्या वेळी "मावशी, एकदाच ना?" असे भुंग्याने विचारले होते आणि मी हो म्हटले होते. या वेळी सुई टोचताना भांडार अधिकाऱ्यांनी तिचा हात धरायला यावे आणि दुसऱ्यांदा का, ते तिला सांगावे. आपणही यावे. आत येताच आपण कोण ते बोलून सांगावे, कारण तिला आता चेहरे दिसत नाहीत.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
संशोधन साहाय्यक, पेशी संवर्धन कक्ष
दि. ४ मार्च

सोबत : १. न मागवलेली कुपी, न उघडता.
२. मेलेल्या पेशींची ताटली.