अर्धवट राहिलेला डाव पुरा करण्यासाठी फाटक उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. थोंगसावात वोंगसा,
प्रमुख, शिक्षण व क्रीडा कार्यालय,
थाखाम.

अर्जदार : श्रीमती विलायवान केओमानी, वय ६३, निवृत्त फ्रेंच शिक्षिका, संचालिका, बालक्रीडा फ्रेंच वर्ग, जुनी मिठाची वखार, धक्का रस्ता, थाखाम.

विषय : वर्गाच्या आवारात दि. ५ जुलै रोजी अर्धवट राहिलेला लपंडावाचा डाव पूर्ण करण्यासाठी फाटक एक तास उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. ५२, दि. ९ जुलै (आवारास सील). २) माझा अर्ज, दि. २२ जुलै. ३) आपले पत्र क्र. ६७, दि. १ ऑगस्ट (सदर अर्ज परत).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, माझा दि. २२ जुलैचा अर्ज "उपक्रमाचा प्रकार स्पष्ट होत नाही" असा शेरा मारून परत आला आहे. वर्गाची नोंदणी "खेळ, क्रीडा व सांस्कृतिक उपक्रमांतून बालकांस फ्रेंच भाषा" अशी असल्याने तिन्हींपैकी एकाच रकान्यात खूण करावी, असे आपल्या लिपिकाने सुचवले. खेळ म्हणाल तर लपंडाव आहे, क्रीडा म्हणाल तर पळावे लागणार आहे आणि संस्कृती म्हणाल तर मनगटाला पांढरा दोरा बांधायचा आहे. मी तिन्ही ठिकाणी खूण केली आहे. एका आठ वर्षांच्या मुलीचा जीव यात अडकला असल्यामुळे रकान्यावरून हा अर्ज पुन्हा परत पाठवू नये.

१. सदर मुलगी म्हणजे धक्क्यावर भाताच्या शेवयांचा गाडा लावणाऱ्या लामफून यांची कन्या सेंगदाव. वाईट नजर लागू नये म्हणून आपल्याकडे वेडीवाकडी नावे ठेवतात, त्या रीतीने सारी गल्ली तिला बेडकी म्हणते. बुटकी, हसरी, आणि लपण्यात पटाईत. शब्द पाठ करायला बसवले की जांभया द्यायची आणि खेळात तेच शब्द धडाधड फेकायची. अशा मुलांसाठीच मी हा वर्ग काढला.

२. वर्गाचा एक नियम आहे, तो आपणास ठाऊक आहे, कारण आपली कन्या दाला हिनेही तो दोन सुट्ट्या पाळला. फाटकातून आत येताना प्रत्येक मूल खिळ्यावरची आपली लाकडी पाटी गळ्यात घालते. पाटीवर फ्रेंच नाव असते. आत असेपर्यंत तेच नाव चालते. घरच्या नावाने हाक मारली तर एक डाव बाद. जाताना पाटी खिळ्याला लावायची, घरचे नाव मोठ्याने सांगायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. दाला आत क्लेमांस होती. बेडकी ओदिल होती. हा नियम माझा, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

३. दि. ५ जुलै रोजी निरोपाचा कार्यक्रम होता. पाहुणे यायला अवकाश म्हणून मी लपंडाव लावला. वीस मुले, एकीवर राज्य, एकोणीस लपलेली. या खेळात फ्रेंच आकडे आणि जागांची नावे आपोआप तोंडी बसतात. राज्य असलेल्या मुलीने शेवटच्या गड्याला त्याच्या नावाने हुडकून काढले आणि मी "सगळे बाहेर, डाव संपला" असे फ्रेंचमध्ये ओरडले म्हणजे डाव संपतो. त्या दिवशी अठरा सापडले. मी ओरडले नाही. ओदिल मागच्या पायऱ्यांखाली, धक्क्याच्या खांबांपाशी लपली होती. तिथून ती पाण्यात गेली. सव्वापाच वाजता होडीवाल्या खामडी यांनी तिला काढले, तेव्हा श्वास चालू होता.

४. इस्पितळाने तिला तिसऱ्या दिवशी घरी सोडले. "शरीराला काही झालेलं नाही" असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे (सोबत जोडले आहे). महोदय, शरीराला झालेले नाहीच. ती जेवते, चालते, पण हाकेला ओ देत नाही. रोज चार वाजले की तांदळाच्या रांजणामागे अंग चोरून बसते, तोंडावर दोन्ही हात दाबते आणि हसू आवरते. कोणी तरी शोधत येईल म्हणून हसू आवरणारे मूल आपण पाहिले असेल. असे रोज, दिवेलागणीपर्यंत. पाटी अजून तिच्या गळ्यात आहे. काढायला गेले की चावते. मला चावली. मी ते पाहून आल्यापासून मला धड झोप नाही आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

५. लामफून यांनी रीतीप्रमाणे मुलीचा ख्वान, म्हणजे भ्यालेल्या अंगातून निसटलेला जीव, परत बोलावला. मासे पकडायची झोळी, चिकट भात, केळे, उकडलेले अंडे आणि मुलीचे झंपर घेऊन त्या धक्क्याच्या पायरीवर गेल्या. "ये गं बेडके, घरी ये, पाण्यात बसू नको, तुझं अंथरूण घातलंय" असे म्हणत पाण्यातून झोळी ओढली. तीन वेळा केले. तिन्ही वेळा सोललेले अंडे एका बाजूने खोल गेलेले निघाले. म्हणजे ख्वान परत आला नाही, हे आपणही जाणता. आपण कार्यालयात ऐकून घेत नसलात तरी ख्वान अंगाशी बांधून ठेवणारा दोरा आपल्या मनगटावर असतोच.

६. शेवटी दोरे बांधणारे वृद्ध फूमी यांना विचारले. ते म्हणाले, "पडली तेव्हा पोरीचं नाव काय होतं?" मी सांगितले. म्हातारा माझ्यावर असा उखडला की बोलायची सोय नाही. "अहो बाई, नावं वाटलीत हौसेनं, ती परत कोण घेणार? आई बेडकीला हाका मारतीये आणि तिथे बसलीये ती दुसरीच कोणी. ती कशाला ओ देईल? तुमचाच नियम ना, डाव बाद होईल म्हणून?" चाळीस वर्षे शिकवले, पण हे मला सुचले नव्हते. ती माझा नियम पाळते आहे, महोदय. बाकी मुले मोडायची, ही कधी मोडत नसे.

७. कुंपणाबाहेरच्या मैदानात निवृत्त मंडळी लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळतात. त्यांचे म्हणणे असे की, कुंपणाखालून आत घरंगळलेला गोळा पूर्वी जायचा तो जायचा. आता थोड्या वेळाने परत येतो, आणि ओला असतो. ती मंडळी चहाटळ आहेत हे मान्य. पण आपल्याच कार्यालयाने नेमलेल्या पहारेकऱ्याने आठ दिवसांत बदली मागितली, हे आपल्या दप्तरी असेलच. त्याने अर्जात पाठदुखीचे कारण दिले आहे. मला मात्र म्हणाला, "बाई, पाठ ठीक आहे हो. दुपारी आत कोणीतरी हळूच हसतं, आणि मी वळलो की गप्प होतं."

८. बाहेर उभे राहून ओदिल म्हणून हाक मारून पाहिली. भागत नाही. पाटी आत, फाटकाच्या खिळ्याला लावावी लागते आणि घरचे नाव तिथेच सांगावे लागते. सीलचा कागद ओल्या फडक्याने निघेल, हे मला कळते. पण नियम अर्धा पाळून काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून परवानगी मागते आहे.

९. आता जे लिहिते ते आधीच्या अर्जात लिहिण्याची हिंमत झाली नव्हती. आपल्या अहवालात "बालिका विनापरवानगी नदीकडे गेली" असे वाक्य आहे. ते खोटे आहे. तिला लपायची परवानगी होती, मीच दिली होती. आपण पाहुण्यांना घेऊन साडेचारला आलात, तेव्हा राज्य दालावर होते. तिने माझी बाही ओढून सांगितले, "एक राहिलीये." मी म्हणाले, "जाऊ दे गं, भूक लागली की येईल आपोआप. चला, ओळीत." मग ती आपल्याकडे आली. "बाबा, ओदिल राहिलीये." आपण म्हणालात, "बस खाली, पाहुणे खोळंबलेत." ती बसली. मुलांनी गाणे म्हटले, आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पायऱ्यांखाली ते सगळे ऐकू जाते. आपल्याला कोणी शोधत नाही असे वाटून ती आणखी चांगली जागा शोधायला एक पायरी खाली उतरली असणार. पंचेचाळीस मिनिटे, महोदय.

१०. आपल्या सौभाग्यवती बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "दाला पानावर बसली की आधी घरातली माणसं मोजते. रोज म्हणते, एक कमी आहे. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, पोरखेळ आहे." आपण दालाला माझ्याकडे यायला बंदी केली आहे. बापाच्या काळजीला मी नावे ठेवत नाही. पण राज्य तिच्यावर आहे. दुसऱ्या कोणी शोधून तो डाव संपत नाही.

सबब विनंती की : येत्या गुरुवारी, पौर्णिमेस, दुपारी चार ते पाच फाटक उघडून द्यावे, लामफून, फूमी आणि मुलीला आत येऊ द्यावे, अहवालातील सदर वाक्य खोडावे, आणि दालाला पाठवावे. आपण स्वतः आलात तर बरे होईल. खुर्ची कार्यालयात ठेवून या. माझा वर्ग पुढे कायमचा बंद केलात तरी मी एका अक्षराने तक्रार करणार नाही.

सील आपण लावलेत, ते काढायचा अधिकारही आपला. पण त्या दिवशी डाव टाकून आधी उठलो ते आपण दोघे. मुले शोधतच होती.

गुरुवारी चारला फाटकाशी उभी राहणारी,
आपली नम्र,
(सही)
विलायवान केओमानी
थाखाम, दि. ८ ऑगस्ट २०१९

सोबत :
१) इस्पितळाचा दाखला.
२) लामफून यांचे संमतिपत्र (अंगठा).
३) वर्गाच्या नियमावलीची प्रत, नियम चौथा (घरच्या नावाने हाक मारल्यास डाव बाद) माझ्या हाताने खोडलेला.
४) गुरुवारी खेळायला येणाऱ्या मुलांच्या सह्या, एकूण एकोणीस. त्यांत पहिली सही आपल्या कन्येची आहे. ती काल एकटी चालत माझ्या घरी आली होती. तिला रागावू नये.