येईन की

डब्लिन, १४ ऑक्टोबर

लाडक्या मुरिनबाई,

आई म्हणते, पत्राची सुरुवात तब्येतीने करावी. तर माझी उत्तम आहे, तिचा गुडघा कुरकुरतोय आणि पाऊस जिथल्या तिथे आहे. मेलबर्नला आता वसंत, म्हणजे मला जळवायला तू फोटो पाठवणारच. मागच्या अंगणाकडची खोली अजून माझ्यासाठी अडवून ठेवली आहेस, हेही कळलं. त्याबद्दल खाली लिहिते.

आधी नाटक! काल माझ्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. थिएटर खुराड्याएवढं, पण हाउसफुल्ल ते हाउसफुल्ल. आपल्याच वयाची चार मुलं, एक गळका फ्लॅट आणि त्यातली एकजण कायमची परदेशी निघालेली. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅग ठेवून ती स्वेटर काढते, पुन्हा कोंबते, पुन्हा काढते. हो, ती तूच. नाक मात्र तुझ्याहून बरं आहे.

मध्यंतरात आई म्हणाली, "ब्रोना, किती शिव्या देतात गं ही पोरं! कुठे ऐकतेस असलं?"

"तुझ्याच स्वयंपाकघरात," मी म्हटलं. बत्तीस वर्षांची झाले तरी तिथेच पडून असते ना मी.

शेवटच्या प्रवेशात निघालेली मुलगी तिच्या मित्राला विचारते, "मागोमाग येशील ना?" तो म्हणतो, "येईन की. येईन!" हे मी रडत रडत लिहिलं होतं. आणि मुरिन, अख्खं थिएटर खो खो हसलं! माझ्या शेजारचे आजोबा डोळे पुसत बायकोला म्हणाले, "हा कसला जातोय! ढकलला तरी हलायचा नाही."

अस्सल डब्लिनकर ना सगळे. आपल्याकडे "येईन की" म्हणजे जन्मात येणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लिहिताना मीच विसरले. कारण विमानतळावर मी तुला हेच म्हणाले होते, आणि अगदी मनापासून म्हणाले होते.

ते हसले तेव्हा मला वाईट नाही वाटलं. उलट सुटल्यासारखं झालं. मी येत नाहीये गं. ही बडबडी, कुचकी, मायाळू माणसं सोडून तिथे मी कुणाचं बोलणं लिहू? मी इथे सुखात आहे. आणि तुझी आठवण रोज येते. दोन्ही खरं आहे.

एक विचारू? त्या दिवशी माझं उत्तर ऐकून तूही हसली होतीस. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.

मग खोली कशाला अडवून ठेवलीस, वेडे?

न येणारी, तरी तुझीच,
ब्रोना