परखी तळापर्यंत

बाबा,

मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण कोणी लांबण लावली की तुम्ही म्हणायचे, "भाव सांग, बाकीचं मंग." तर भाव असा की परवा माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी भरल्या सभागृहात मला 'डॉक्टर' अशी हाक मारली. सुई टोचणारी नाही, कागदावरची. पण हाक तीच. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली; तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता माझ्या कपाळाशीही पांढरे केस आलेत आणि तरी परवा ती हाक ऐकून मी मान वळवून मागे पाहिलं, कोणाला म्हणतात म्हणून.

मी कशात डॉक्टर झाले ते सांगते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांमधली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, तेव्हा त्यांच्या पोरांच्या शाळेचं काय होतं, हा माझा विषय. आणि विषयापेक्षा मला छळलं ते तो अभ्यासायचा कसा, याने. एम.ए.ला हमखास येणारा एक प्रश्न होता: संख्यात्मक आणि गुणात्मक संशोधन पद्धतींची तुलना करा. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने तोंडपाठ केले होते. डावीकडे 'किती', उजवीकडे 'कसं आणि का'. डावीकडे प्रश्नावली आणि शेकडो घरं, उजवीकडे मुलाखत आणि दहा-बारा माणसं. मार्क भरपूर मिळाले, डोक्यात काही शिरलं नव्हतं. मनातून मी डावीकडचीच होते. आकडा दाखवला की समोरचा गप्प बसतो, हे मला फार आवडायचं. गप्पा मारून का कोणी डॉक्टर होतं, असं मी मैत्रिणींना तोऱ्यात ऐकवत असे.

खरं म्हणजे हे सगळं तुम्ही मला बारा वर्षांची असतानाच शिकवलं होतं, पण ते अभ्यासक्रमात नसल्यामुळे मी विसरले. रिसोडच्या मार्केट यार्डातला तो दिवस आठवतो? सोयाबीनचा हंगाम, यार्डभर पोत्यांच्या थप्प्या, आणि मी तुमचा डबा घेऊन आलेली. तुमच्या हातात परखी आहे, पोत्यात खुपसून दाणे काढायची ती टोकदार लोखंडी नळी. मी हट्ट धरते, मला करू द्या. तुम्ही देता. मी पोत्याच्या तोंडाशीच नळी टेकवते, चार दाणे काढते आणि अडत्याच्या तोऱ्यात जाहीर करते, माल एक नंबर! तुम्ही परखी हिसकावून घेता, दांड्यापर्यंत पोत्यात घुसवता, आणि तळातले दाणे माझ्या तळहातावर ओतता. ओले, काळपट. "वरून काहून घेतलं? वरचा माल तं सारेच चांगला ठेवते. तळाले जाय." चार हमाल हसतात, माझे कान तापतात. मी रडवेली होऊन म्हणते, म्हणजे सगळा माल खराब. त्यावर तुम्ही आणखी चिडता. "एका पोत्यावरून ढिगाचं सांगून राह्यली! दहा पोते पाह्य, मंग तोंड उघड." मग एक दाणा माझ्या दातांखाली देता, कोरडा कसा कट्कन फुटतो आणि ओला कसा नुसता चेपतो ते दाखवायला. मी रुसून डबा न उघडताच निघून आले होते.

तर पीएच.डी.साठी मी पहिल्या वर्षी काय केलं असेल? वरचेच दाणे काढले. तांड्यात पाहुणा आला की आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर बसतो, ती रीतच आहे. मी बसले. सोबत रस्ता दाखवायला शाळेचे मास्तर होते. एकेक घरातलं माणूस येई, माझ्यासमोर बसे, आणि मी विचारी, ऊस तोडायला जाताना मुलं सोबत नेता का? नाही. कोणाकडे ठेवता? म्हाताऱ्यांकडे. शाळेत जातात? रोज. मी खुणा करत गेले. इतके नीटनेटके तक्ते झाले की मी त्यांचे फोटो काढून मोबाइलवर ठेवले होते. दोन वर्षांचं काम त्या तक्त्यांवर उभं राहिलं. निष्कर्षही लिहून झाला: आता मुलं गावातच राहतात. प्रबंध टंकलेखनाला द्यायचा, एवढंच बाकी होतं.

दिवाळीनंतर एका तांड्यात मी नायकांची एक सही राहिली होती ती घ्यायला गेले. सकाळचे अकरा वाजलेले, आणि रांगेने कुलपं. शाळेच्या वर्गात सहा पोरं. माझ्या कागदावर त्या तांड्यातली पन्नासच्या वर पोरं रोज शाळेत जात होती. मी चक्रावून उभी राहिले, तेव्हा एका दारातल्या म्हातारीने मला बसायला पोतं टाकलं. तिच्या कमरेला चाव्यांचा भला मोठा जुडगा होता. जाणारं प्रत्येक घर आपली चावी तिच्याकडे ठेवून जातं, दिवा लावायला, उंदीर-घूस बघायला. प्रत्येक चावीला त्या त्या घरातल्या बाईच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधलेली, ओळखायला. मी तिला म्हटलं, आजी, मला तर सगळ्यांनी सांगितलं होतं की मुलं नेत नाहीत. ती म्हणाली, "बाई, तू नायकाच्या ओट्यावर बसली व्हती. बाजूले मास्तर. पोरं संगं नेतो म्हनलं तं शाळेतून नाव कटन. कोन सांगन तुले?"

मग तिने जुडगा मांडीवर घेतला. ही लाल चिंधी, हिची थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला गेली, सातवीत होती, हुशार. ही हिरवी, दोघंही नेले. ही पिवळी, पोरगा मागं ठेवला होता, तो आठ दिवस जेवला नाही, मग मामा नेऊन सोडून आला. एकवीस चाव्या झाल्या तेव्हा माझ्या वहीची बारा पानं भरली होती आणि दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं. परतीच्या एसटीत मी तोंडाला पदर लावून रडले. कंडक्टरने तिकिटाचे पैसेसुद्धा हळूच मागितले.

माझ्या मार्गदर्शक बाई कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझे तक्ते खोटे निघाले हे बरं झालं, पण एका म्हातारीच्या जुडग्यावर प्रबंध उभा राहत नाही." मला ऐकू आलं ते वेगळंच, एका पोत्यावरून ढिगाचं सांगून राह्यली! तिथे त्यांच्या केबिनमध्ये मला हसू फुटलं, आणि बाईंना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. त्या दिवशी मी वहीतली मधली रेघ पुसली. आणखी दोन वर्षं घातली. प्रत्येक तांड्यात चाव्या सांभाळणारं कोणीतरी होतंच. कुठे म्हातारी, कुठे किराणावाला. आधी त्याच्याजवळ बसायचं, चहा घ्यायचा, एकेका चावीचं ऐकायचं. मग माणसं उसावरून परतली की त्यांच्या स्वतःच्या चुलीजवळ, मास्तर-नायक सोबत न घेता, फॉर्म भरायचा. मग दोन्ही ताडून पाहायचं. नाव कोणाचंही लिहायचं नाही, हा शब्द मी प्रत्येक आईला दिला आणि पाळला. ऐकलेल्यामुळे काय मोजायचं ते कळलं, आणि मोजल्यामुळे ऐकलेलं कोणी गोष्ट म्हणून उडवून लावू शकलं नाही.

तरी परवा प्रयत्न झालाच. परीक्षक आकड्यांतले मोठे जाणकार, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाले, "नायकाच्या ओट्यावर सगळी घरं एक सांगतात, चाव्यांवाली म्हातारी दुसरं. मी म्हातारीचं का ऐकू?" मी म्हटलं, "ऐकू नका सर, मोजा. मी मोजलंय." आणि चाव्या, फॉर्म आणि शाळेचं हजेरीपत्रक अशी तिन्हींची ताळमेळाची पानं पुढे सरकवली. ते दहा मिनिटं पानं उलटत होते. मग मी त्यांना परखी सांगितली. वरचा माल, तळाचा माल, दहा पोती, सगळं, अगदी तुमच्या शब्दांत, 'तळाले जाय'सकट. लोक हसले, बाई सगळ्यात मोठ्याने. परीक्षकांनी शेवटचा प्रश्न टाकला. "पण साध्या कागदावर माणूस खोटं का लिहील?" मी म्हटलं, माझ्या माहितीतल्या एका हुशार मुलीने अकरावीच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'व्यापार' लिहिलं होतं. वडील हमाल होते. तिला कोणी धमकावलं नव्हतं, नुसता रकाना समोर होता. परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला आणि ते म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही, डॉक्टर."

काल पेढे घेऊन यार्डात गेले. तुमच्या जोडीने पोती उचलणारे काका अजून तिथेच असतात, आता बसून असतात. म्हणाले, "डाक्टरीन झाली म्हने तू. मंग मायी कंबर पाह्य आंधी." मी सांगितलं, कमरेची नाही हो, परखीची डॉक्टर. त्यांना पटलं. दोन पेढे जास्त घेतले आणि एक तुमच्या जागेवर ठेवला, जिथे टेकून तुम्ही तंबाखू मळायचे. खूप आनंद झाला बाबा, इतका की मी ओरडून सांगितलं, ही माझ्या बापाची डिग्री आहे, आणि चारचौघांनी वळून पाहिलं.

पण एक राहिलंच. सभागृहात मी 'माझ्या माहितीतली एक मुलगी' म्हणाले. टाळ्या पडल्या तेव्हाही तसंच राहू दिलं. तो फॉर्म भरायला तुम्ही रिसोडच्या बसस्टँडसमोरून नवं पेन आणलं होतं, कॉलेजचा कागद आहे, चांगल्या पेनानं भर म्हणून. त्याच पेनाने मी 'व्यापार' लिहिलं आणि सहीसाठी तुमच्यापुढे धरलं. तुम्हाला वाचता येत होतं, बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. तुमचं बोट त्या रकान्यावर बराच वेळ थांबलं होतं. मग तुम्ही सही केली, कागद मला परत दिला आणि म्हणालात, "अक्षर साजरं हाय तुयं."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत घडी घालून ठेवते. फक्त एक रकाना दुरुस्त करते. वडिलांचा व्यवसाय: हमाली.