वीतभर फळीवरचा कराटे

सर,

तुम्हाला लिहायचं तर मराठीतच. मेसमध्ये सगळ्यांशी हिंदी बोलून झालं की तुम्ही माझ्याशी तुमचं रत्नागिरीचं मराठी बोलायचात, आणि तेवढ्यावरच मी स्वतःला तुमचा खास समजायचो. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, हू टॉट यू कराटे?" मी पटकन तुमचं नाव सांगितलं. मग ताट सरकवून उठलो.

दोह्यातल्या एशियन टाउनजवळच्या त्या कामगार कॅम्पची मेस आठवते. शुक्रवारी सकाळी सहाला टेबलं भिंतीला लागलेली, फरशीला डाळीचा वास, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी आटपायची तुमची घाई. तुम्ही स्टेडियमच्या साइटवर परांचीवाल्यांचे फोरमन. आठवडाभर ज्यांना उंचावर चढवायचं, सुट्टीच्या दिवशी त्यांनाच कराटे शिकवायचं. मुऐदरच्या घरून गाडीनं येणारा, वेस्ट बेच्या ऑफिसात एसीत बसणारा मी एकटाच. सहा वर्षं घाम गाळून मी तपकिरी पट्ट्यापर्यंत आलो होतो. काळा पट्टा एका परीक्षेवर होता आणि मला त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. पुण्यात आईनं तर नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

एका शुक्रवारी तुम्ही परांचीच्या तीन फळ्या आणून मेसमध्ये टाकल्यात. वीतभर रुंद. आम्ही रिवाजाप्रमाणे अनवाणी आणि तुम्ही चक्क सेफ्टी शूजमध्ये! म्हणजे देवळात चपला घालून जाण्यातलाच प्रकार. तुम्ही फळीवर चढता, डोळे मिटता आणि सुरू करता. पाय लांब फाकवून खाली बसणं नाही, काही नाही. एकापुढे एक पाऊल, कमरेतून वळण, ठोसा, पुन्हा वळण. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, आणि फळी करकरतसुद्धा नाही. आम्ही चाळीस जण बघत होतो. एवढं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही, नंतर उभ्या राहिलेल्या स्टेडियमसकट.

"दिवसभर फळीवर राबणारी ही माणसं, नि मी त्यांना मैदानावरचं उभं राहणं शिकवत बसलो. गुडघे गेले पोरांचे. चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात. जेवणाच्या सुट्टीत आपल्याच माणसांची पावलं बघत, वहीत चित्रं काढत तुम्ही तीन वर्षं हे घडवत होतात, आणि आम्हाला पत्ता नव्हता. आपल्या जुन्या शैलीच्या मुंबईच्या मोठ्या सरांनी हे कराटेच नव्हे म्हणून तुम्हाला संघटनेतून काढून टाकलं होतं, तेही त्याच दिवशी कळलं. मग तुम्ही स्वतःचा काळा पट्टा सोडलात, घडी घातलीत आणि पांढरा बांधलात. "नवीन शैलीत मी पण आजच आलोय. माझ्याबरोबर यायचं त्यांनी पांढरा बांधा." शैलीचं नाव कुणीतरी विचारलं, तर म्हणालात, "आधी चालू तर दे!"

सगळे भराभर पट्टे सोडत होते. मी विचारलं, "सर, माझी परीक्षा?"

"कसली परीक्षा? मीच अजून शिकतोय."

"पण सहा वर्षं झाली सर!"

"एवढा जीव कापडात असेल तर शिंप्याकडे जायचं होतंस बाबा."

मी रागानं निघून गेलो. चार महिने फिरकलो नाही. ऑफिसात कामाचा डोंगर आहे असा मेसेज तेवढा केला. त्या फळीनं मात्र पाठ सोडली नाही. घरात फरशीच्या एका रेघेवर मी चालून बघायचो आणि तिसऱ्या पावलाला तोल जायचा. शेवटी परत आलो. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. "यल्ला, चल, रांगेत," म्हणालात, आणि मी शेवटी, एका नेपाळी वेल्डरच्या मागे, पांढरा पट्टा बांधून उभा राहिलो. माझी पावलं त्यानंच सरळ केली. क्लास सुटल्यावर तुम्ही पाठीवर हात ठेवलात. "काळा पट्टा हाताशी आलेला सोडून आलास. मला नसतं जमलं." त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. मग तुम्ही सुट्टीवर गावी गेलात, आणि तिकडेच तुमचं हृदय थांबलं. स्टेडियमवर छप्पर चढायचं होतं अजून.

सर, मी काहीही सोडून आलो नव्हतो. त्या चार महिन्यांत जुन्या शैलीची परीक्षा इथेच दोह्यात झाली, आणि मी ती दिली. परीक्षकांनी माझं, तुमच्याकडून आलेलं, कमरेचं वळण पुन्हा करायला लावलं. बघून म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" तुमचं नाव घेतलं तर नापास करतील अशी भीती वाटली. मी लहानपणच्या पुण्यातल्या क्लासचं नाव सांगितलं. पास झालो. आईला फोटो पाठवला. तुम्ही पाठीवर हात ठेवलात तेव्हा तो पट्टा घरी कपाटात होता.

हे पत्र रत्नागिरीला तुमच्या घरी भाभींना पाठवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण दर ईदला मी फोन करतो तेव्हा भाभी घरातल्यांना अजून सांगतात, "ह्यांचा तो, काळा पट्टा सोडून आलेला." ते ऐकायला मला फार आवडतं. म्हणून पाठवत नाही.