अर्ध्या सिमेंटचे जिने

ताई,

धाकट्याचा धुळीने माखलेला नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर मिळतं. बाबांना अजून धाप लागते का? डॉक्टर काय म्हणाले ते खरंखरं कळव.

आमच्या कारखान्यात तयार जिने बनतात, ते आता पर्यावरणस्नेही झालेत. निम्म्या सिमेंटऐवजी वीजकेंद्राची राख घालतो. कल्पना चांगलीच आहे, पण हा माल सावकाश घट्ट होतो आणि साहेबांना साचे पूर्वीसारखे दुसऱ्या सकाळीच उघडायचे असतात. पायऱ्यांचे कोपरे साच्यातच राहतात.

मी म्हटलं, "साहेब, एक दिवस थांबू या."

"अहो, पृथ्वी वाचवायला आधीच उशीर झालाय!"

कपाळ माझं! अर्ध्या सिमेंटचा जिना दोनदा ओततो; बचत शून्य. मोडक्या जिन्यांच्या ढिगापुढे झाडं लावलीत, पाहुणे त्यांचे फोटो काढतात.

या दुसऱ्यांदा ओतण्यापायी माझी रजा पुन्हा रद्द झाली. बाबांनी विचारलं तर "निघालाय" म्हण. आणि मी पोचेपर्यंत जायची घाई करू नका म्हणावं. इथे तर माझं कुणी ऐकत नाही, निदान त्यांनी तरी ऐकावं.

तुझा,
धाकटा