फेरविचार झाला, निर्णय कायम

आप्पा, परवा जेवताना तुमच्या नातीने विचारलं, "बाबा, फेरविचार म्हणजे काय?" शाळेत शब्दार्थ लिहून न्यायचे होते. मी म्हटलं, एकदा ठरवलेल्या गोष्टीचा परत विचार करणं. तिने लिहून घेतलं आणि वहीतून मान वर न काढता म्हणाली, "वाक्यात उपयोग करायचाय. आपल्या घरात कोणी केलाय का कधी?" तुमची सून हसली. मी म्हटलं, शोधून सांगतो.

तुम्ही मंडणगडला कचेरीत कारकून, त्यामुळे हा शब्द आपल्या घरात रोजचा. आईने म्हटलं, आज वांगी नको, दुसरं काही करते, तर तुम्ही म्हणायचात, "प्रस्ताव फेरविचारार्थ ठेवण्यात येत आहे." शेजारीपाजारी "जरा परत बघा की वो" म्हणून मोकळे होतात, तुमचं मात्र सगळं फायलीतलं. खरं सांगू, ऐकायला मजा यायची. ताईचं लग्न होईपर्यंत यायची. ती रत्नागिरीला नर्सिंग शिकायला गेली, तिथे पूर्णगडच्या होडीवाल्याशी तिचं जमलं. रजिस्टर लग्न करून दोघं पाया पडायला आली, तर तुम्ही ओटीवरूनच सांगितलंत, "या घरात परत पाय ठेवायचा नाही." आई म्हणाली, "अवो, पोर ती आपली." तुम्ही पेपराचं पान उलटलंत.

मी तेव्हा दहावीत. चार दिवस डोकं चालवून फुलस्केपवर अर्ज लिहिला. विषय: ताईस घरी येऊ देण्याबाबत फेरविचार होणेबाबत. 'महोदय'सुद्धा घातलं. वाटलं, तुमच्याच भाषेत मागितलं तर हसाल आणि विरघळाल. हसलात खरे. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्यात आणि समासात लाल शाईने शेरा मारलात: फेरविचार झाला, निर्णय कायम. खाली सही. इतका संतापलो होतो, आप्पा, की आठवडाभर तुमच्या पंगतीला बसलो नाही. फेरविचार कसला? पहिला विचार तरी केला होतात का? पेपर वाचता वाचता ठरवलं होतंत.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. बायकोला तर लग्नाआधीच सांगितली. ऑफिसात कोणाचा अर्ज फेटाळला गेला की अजून सांगतो. "काय वडील होते वो तुमचे!" म्हणून लोक हसतात. तुम्ही हट्टी, मी बिचारा. बरं चाललं होतं.

पोरीच्या वाक्यासाठी उदाहरण शोधायला बसलो आणि तुम्ही गेलात तो दिवस आठवला. तुम्हाला ओटीवर ठेवलंय. ताई दोन गाड्या बदलून आली आहे. पायरीशी तिने चप्पल काढली, पण वर चढली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. बायको कानाशी म्हणाली, "त्यांना आत बोलवा ना." मी म्हटलं, "आप्पांना चाललं नसतं." अहो, तुम्हाला आता काय चालणार नि काय नाही! ती खाली अंगणातल्या खळ्यातूनच हात जोडून मागे फिरली. आई आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. तिला चाहूल लागली असावी. "ताय आली काय रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाय गो, कोण नाय." पुढच्या वर्षी आईही गेली.

हे तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही. तुम्हाला लिहिणं सोपं, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. लिहायला हवं ताईला. तिचा पत्ता आहे, नंबर आहे. पण तिला काहीही लिहायचं म्हटलं तर आधी हे सांगावं लागेल की त्या दिवशी आई विचारत होती.